विमानविलंबमीमांसा: वाकडपाठ

पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळते, याचा तक्ता आपल्या पंचांगांत वर्षानुवर्षे छापला जातो. एकादशी दोन दिवसांवर सांडली तर उपास कोणत्या दिवशी करायचा, याचा निकाल पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधू’त देऊन ठेवला आहे. घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांचे शास्त्र आहे, रत्नांतल्या डागांचे आहे. मात्र पुण्याहून सव्वा तासात नागपूरला पोचणारे विमान पावणेदोन तास उशिरा सुटले, तर त्या पावणेदोन तासांचा धर्म काय, त्यात काय करावे, काय वर्ज्य मानावे आणि घरी फोन किती वेळा लावावा, याविषयी सगळे ग्रंथ मौन पाळतात. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न. अल्प म्हणायची प्रथा आहे म्हणून अल्प. विषय फार मोठा आहे.

शास्त्र मांडण्याआधी त्याचा अधिकारी कोण ते सांगावे लागते. मुंबईहून फ्रँकफर्टला जाणारा प्रवासी या शास्त्राचा अधिकारी नव्हे. त्याचे विमान दोन तास रखडले तरी पुढे नऊ तास बसायचेच असते. नऊ तासांच्या पोटात दोन तास सहज जिरतात. अधिकारी तो, ज्याचा प्रवास छोटा आहे. त्यातही उत्तम अधिकारी वाकडचा रहिवासी. याची कारणे दोन. एक, कस्पटे वस्तीपासून भूमकर चौकापर्यंतच्या सोसायट्यांत राहणारी निम्मी मंडळी मूळची अकोला, अमरावती, नागपूर, जळगाव, लातूरकडची. हिंजवडीत नोकरी, आईवडील गावी, त्यामुळे दिवाळी, लग्ने आणि आजारपणे यांसाठी जाणे-येणे अटळ. दोन, विमानतळ लोहगावला, म्हणजे गावाच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. वाकडहून विमान पकडणे हा आधीच एक प्रवास असतो. विमान त्याला नंतर जोडले जाते.

आता व्याख्या. विमान जेवढे उशिरा सुटले तो काळ वर लिहावा, हवेत जेवढा वेळ जायचा तो खाली लिहावा आणि भागाकार करावा. येणाऱ्या संख्येला आम्ही विलंबगुणांक म्हणतो. फ्रँकफर्टच्या प्रवाशाचा गुणांक पावाच्या आसपास. नागपूरच्या प्रवाशाला तेच दोन तास दीडाच्या वर नेतात. पुणे–गोवा तासाभराचे, तिथे गुणांक सरळ दोन. मधल्या काळात छोट्या विमानांनी पुणे–नाशिक हेही एक उड्डाण चालवून पाहिले गेले. त्याचा छेद इतका लहान, की वीस मिनिटांचा विलंबसुद्धा तिथे गंभीर संख्या देत असे. हवेतला वेळ शून्याकडे झुकू लागला की गुणांक अनंताकडे झुकतो, हे बारावीच्या गणितातूनही सिद्ध करता येईल.

इथे सरकारच्या दूरदृष्टीचा उल्लेख करणे कर्तव्य आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली, तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या उड्डाणासाठी काही जागांचे भाडे अडीच हजारांवर बांधले गेले, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी जी पहिली उड्डाणे निघाली त्यांत नांदेड–हैदराबादही होते. तोवर उच्च विलंबगुणांक हे चैनीतल्या लोकांचे वैभव होते. हवाई चप्पल घालणाऱ्याने विमानात बसावे असे पंतप्रधान तेव्हा म्हणाले होते. विमानात बसण्यापूर्वी तो कुठे बसेल, हा प्रश्न त्यांनी आमच्यासारख्यांवर सोपवला.

यावर एक पूर्वपक्ष येतो. पूर्वपक्षी म्हणतो, छेदात फक्त हवेतला वेळ का? वाकडकर निघतो तो घरातून. कस्पटे वस्ती, जगताप डेअरी, पिंपळे सौदागर, नाशिक फाटा, भोसरी, दिघी, विश्रांतवाडी असा, नाहीतर औंध, विद्यापीठ चौक, संगमवाडी, येरवडा असा तो दीड तास रस्त्यावर असतो. त्यात दोन तास आधी पोचण्याची शिस्त मिळवली, तर छेद पाच तासांच्या जवळ जातो आणि गुणांक एकदम सौम्य होतो. थोडक्यात, लांब राहणाऱ्याला विलंब कमी लागतो.

हा पक्ष ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. कर्मे नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी तीन प्रकारची मानली जातात; विलंबही तसेच. नाशिक फाट्यावरचा खोळंबा हा नित्य विलंब. तो रोज येतो, तो न घडला तरच माणूस अस्वस्थ होतो, आणि त्याची तक्रार कोणी कोणाकडे करत नाही. विमानाचा विलंब नैमित्तिक. त्याला काहीतरी कारण लागते, निदान सांगावे तरी लागते. नित्य आणि नैमित्तिक एका छेदात मिसळता येत नाहीत. तिसरा काम्य विलंब, म्हणजे ज्याची कोणी इच्छा धरतो असा विलंब. तो असूच शकत नाही, असे पूर्वपक्षी हसून म्हणतो. त्याचा समाचार शेवटी.

विलंब आहे हे कळते कसे? नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गेटजवळच्या खुर्चीवर या चारींचा जितका कस लागतो तितका काशीतही लागला नसेल.

शब्द म्हणजे विश्वासू माणसाचे वचन. गेटवर ते तीन ठिकाणांहून येते: भिंतीवरच्या पडद्यावरून, मोबाइलवरच्या संदेशातून आणि माइक हातात धरलेल्या मुलीकडून. तिघांची वेळ तीन प्रकारची असते. पडदा म्हणतो विमान वेळेवर आहे, संदेश म्हणतो चाळीस मिनिटे उशीर, मुलगी म्हणते, “सर, इन्कमिंग एअरक्राफ्टची वाट बघतोय.” मीमांसकांच्या मते शब्द हे फार बलवान प्रमाण, पण त्यांचा शब्द वेदाचा होता आणि वेदाचे गेट ऐन वेळी बदलत नसे.

म्हणून सुशिक्षित वाकडकर अनुमानाकडे वळतो. तो मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडतो, आपले विमान कुठून यायचे आहे ते शोधतो आणि ते अजून हैदराबादच्या जमिनीवर उभे आहे असे पाहतो. मग पंचावयवी वाक्य तयार होते. आपले विमान सहा चाळीसला सुटणार नाही, ही प्रतिज्ञा. कारण सहा दहाला ते हैदराबादेत आहे, हा हेतू. जे हैदराबादेत असते ते अर्ध्या तासात लोहगावात नसते, जसे गेल्या महिन्यातले; हे उदाहरण. हेही तसेच, हा उपनय. म्हणून सुटणार नाही, हे निगमन. असे निर्दोष अनुमान झाल्यावर तो शेजाऱ्याला ते ऐकवतो, शेजारी पुढच्याला, आणि दहा मिनिटांत सगळ्या गेटला जे ठाऊक असते ते फक्त भिंतीवरच्या पडद्याला ठाऊक नसते.

उपमान हे सगळ्यांत गोड प्रमाण. ज्याने गवा कधी पाहिला नाही त्याला वनवासी सांगतो, गवा गायीसारखा असतो. मग रानात तसा प्राणी दिसला की त्याला उमगते, हाच तो. वर्ध्याकडच्या एका मामाने पहिल्यांदा विमानाने निघालेल्या भाच्याला सांगितले होते, “काही घाबरू नको, विमान म्हणजे आपली ट्रॅव्हल्सच असते.” भाचा लोहगावला पोचला, काच, एसी, चकचकीत फरशी पाहून गोंधळला, हे काही ट्रॅव्हल्ससारखे नाही. तेवढ्यात घोषणा झाली की अजून वीस मिनिटे लागतील. भाच्याला तत्क्षणी ज्ञान झाले.

राहिले प्रत्यक्ष. काचेबाहेर पाहिले तर विमान नाही. पण ‘विमान नाही’ हे डोळ्यांना दिसते का? इथे मोठे भांडण आहे. नैयायिक म्हणतात, अभावाचेही प्रत्यक्ष होते. जमिनीवर घडा नाही हे आपण पाहतोच की. कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, अभाव दिसत नाही. घडा आढळला नाही या अनुपलब्धीतून तो कळतो. प्रस्तुत लेखकाचा कल भट्टांकडे आहे. गेटवरचा माणूस काचेकडे दर तीन मिनिटांनी जातो तो काही पाहायला जात नाही. न आढळण्याची खात्री करायला जातो.

अभाव हा वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेत सातवा पदार्थ आहे आणि त्याचे चार प्रकार अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त विद्यार्थी आजही पाठ करतात. सतराव्या शतकातल्या त्या पंडिताने विमानतळ पाहिला नव्हता, हे पटत नाही इतके ते प्रकार चपखल आहेत. विमान अजून आलेलेच नाही, हा प्रागभाव. त्याला आरंभ नसतो पण शेवट असतो, निदान प्रवाशाला तशी आशा असते. विमान होते, पण तुम्ही कॉफी आणायला गेलात तेव्हा गेले, हा प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, शेवट नाही. समोर उभे असलेले विमान तुमचे नाही, ते दिल्लीचे आहे, हा अन्योन्याभाव; हा सर्वांत क्लेशदायक, कारण त्यात लोक हसत हसत चढताना दिसतात. आणि उड्डाण रद्द, हा अत्यंताभाव. तो तिन्ही काळी असतो. रद्द झालेल्या उड्डाणाविषयी जाणकार नेहमी म्हणतात, “मला सकाळीच वाटलं होतं.”

आता कारणे. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयाटाने, विलंबांना दोन आकडी क्रमांक दिले आहेत; जगभरच्या विलंबांचा हा चित्रगुप्ताचा खातेग्रंथ. क्रमांक ७५ म्हणजे विमानावरचा बर्फ काढण्यात गेलेला वेळ. लोहगावला याचा उपयोग अजून झालेला नाही, तरी क्रमांक राखून ठेवलेला आहे ही गोष्ट मनाला उभारी देते. क्रमांक १५ हरवलेल्या प्रवाशाचा: बॅग टाकली, पास घेतला आणि माणूस गायब. ९९ म्हणजे वरीलपैकी काहीच नाही. आणि छोट्या मार्गांचा कुलदेव म्हणावा असा क्रमांक ९३: आधीच्या फेरीहून विमान उशिरा आले.

या ९३ ची गंमत समजून घेतल्याशिवाय गेटवरची मुलगी खोटे बोलते असा गैरसमज दूर व्हायचा नाही. छोट्या मार्गावरचे विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करते. दोन फेऱ्यांच्या मध्ये प्रवासी उतरवणे, आत झाडणे, इंधन, नवे प्रवासी, या सगळ्याला अर्धा तास, कधी त्याहून कमी. सकाळी कुठेतरी धुके पडले आणि पहिली फेरी चाळीस मिनिटे मागे पडली, की तो उशीर अर्ध्या तासात भरून निघत नाही. लांबच्या मार्गावर वैमानिक वारा साथ देईल तेव्हा थोडेफार सावरून घेतो. तासाभराच्या मार्गावर सावरायला जागाच नसते. त्यात दुसऱ्या एखाद्या गावातल्या उशिराची भर पडते. अशा रीतीने दिल्लीच्या धुक्याने सुरू झालेली गोष्ट संध्याकाळी लोहगावला नागपूरकराच्या मांडीवर येऊन बसते. धुक्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. बाहेर ऊन असते. म्हणूनच “हवामानामुळे” हे कारण ऐकून तो खिडकीबाहेर बोट दाखवतो आणि वाद घालतो. तो आपल्या जागी बरोबर असतो, मुलगीही.

शिवाय लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, १९३९ पासूनचा. नागरी विमानांना मिळते ती धावपट्टी एकच, तीही त्यांची; सुखोई त्यांची; आपल्याला तिथे सोय करून दिलेली आहे. नागरी उड्डाणे सैनिकी सरावाच्या वेळा सांभाळून बसवायची असतात. २०२१ च्या ऑक्टोबरात धावपट्टीचे काम निघाले तेव्हा १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ सबंध चौदा दिवस बंद होता. ते दिवस या शास्त्रात सुवर्णकाळ मानावेत, कारण तेवढ्या काळात लोहगावहून एकही विमान उशिरा सुटले नाही.

इतिहासातही या भागाचा अधिकार जुना आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले हे शाळेत शिकवतात. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जायचे, म्हणून ती सारी टपालसेवा, विमाने, वैमानिक, मिस्त्री असा संसार उचलून पुण्याला यायची आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावरून उडायची, हे शिकवत नाहीत. त्या सेवेच्या वक्तशीरपणाची तेव्हा सरकारदरबारी वाखाणणी झाली होती. आज वाकडकराची टॅक्सी तुरुंगाच्या त्याच परिसरातून, सिग्नलला थांबत थांबत, विमानतळाकडे जाते. वाटेतल्या त्या परिसरात कैद्यांना आपल्या सुटकेची तारीख ठाऊक असते, एवढेच इथे नोंदवतो. तुलना करणार नाही.

दुसरे टोक नागपूर. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमाने निघायची, मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, आपापसांत थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करून आल्या वाटेने परत जायची. देशाच्या बरोबर मध्यावर चार दिशांची गाठ. रचना म्हणून इतकी सुंदर, आणि विलंब म्हणून विचार केला तर इतकी भयंकर, की एकाला उशीर झाला तर बाकी तिघांची अदलाबदल अपुरी. क्रमांक ९३ चे आदिपीठ कुठे मानावे असा प्रश्न आला, तर आमचे मत सोनेगावला.

आता नियम. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, याविषयीचा नियम स्पष्ट आहे. ज्याचा एकूण प्रवासकाळ अडीच तासांपर्यंत आहे असे उड्डाण दोन तास किंवा जास्त रखडणार असेल, तर कंपनीने प्रवाशांना खाणेपिणे द्यायचे. सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत. रोख नुकसानभरपाई मात्र, ठरावीक अटींवर, रद्द झालेल्या उड्डाणाला: तासाभरापर्यंतच्या मार्गाला कमाल पाच हजार, तास ते दोन तासांच्या मार्गाला साडेसात. नुसत्या उशिराला रोख काही नाही. म्हणजे अत्यंताभावाला दाम आहे, प्रागभावाला सँडविच.

त्या सँडविचवरही प्रवासीवर्गात एक दृढ श्रद्धा आहे: विलंब एक तास पन्नास मिनिटांपर्यंत धावत जातो आणि तिथे येऊन रेंगाळतो. याला पुरावा नाही. श्रद्धेला तो लागतही नाही. प्रत्यक्षात सँडविच येते तेव्हा ते त्रिकोणी आणि गार असते, सोबत फळांच्या रसाचा छोटा खोका. ते वाटणाऱ्या ट्रॉलीभोवती जी रांग लागते तिच्यात महिना लाखावर पगार घेणारे आर्किटेक्ट आणि डिलिव्हरी मॅनेजर उभे असतात, आणि नाव-सीट नंबर सांगून आपला वाटा घेतात. भूक हे त्याचे कारण नव्हे. समोरच्याच दुकानातली बाकरवडी त्यांच्या पाठपिशवीत दोन-दोन खोके आहे, सासरच्यांसाठी घेतलेली. कारण एवढेच की झालेल्या अन्यायाची काहीतरी पावती हातात पडली पाहिजे. बाकरवडीचा खोका अशा वेळी फोडावा का? शास्त्राचा कौल: दोन खोके असतील तर एक फोडावा, एकच असेल तर फोडू नये, आणि शेजाऱ्याला दिल्याशिवाय खाऊ नये. शेजारी नागपूरचा असेल तर तो संत्रा बर्फीचा विषय काढतो, काढू द्यावा.

वाकडकराचे खरे शिक्षण विमानतळावर होत नाही. ते होते मुंबई–बेंगळुरू महामार्गावर वाकडच्या पुलाजवळ, सर्व्हिस रोडला, रात्री आठ ते अकरा. विदर्भाच्या, मराठवाड्याच्या ट्रॅव्हल्स तिथून माणसे उचलतात. शुक्रवारी रात्री तिथे फिरताना संशोधकाने खाली पाहून चालावे. बॅगा, उशा आणि त्यांवर बसलेली माणसे पायात येतात. गाडी साडेनऊची असते. पावणेदहाला फोन लावला की पलीकडून उत्तर येते, “निघाली, हिंजवडीत आहे, दहा मिनिटांत पुलावर.” सव्वादहालाही ती दहा मिनिटांतच असते. पण इथे एक माणूस असतो. पिकअपचा पोरगा, हातात यादी, कानाला फोन, तोंडात मावा. त्याच्यावर ओरडता येते. तो उलट ओरडतो, “माझ्या हातात आहे का दादा? भूमकर चौकात जाम आहे!” भूमकर चौकात जाम आहे हे सत्य सगळ्यांनी स्वतः भोगलेले असल्यामुळे वाद तिथेच मिटतो आणि लोक त्याच्याकडून दोन खुर्च्या आणवून म्हाताऱ्यांना बसवतात. विमानतळावर ही सोय नाही. तिथे विलंब कोणी करत नाही, तो होतो. “झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत” हे वाक्य ध्वनिमुद्रित असते आणि त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो हे जाणूनही काही जण ओरडतात. त्यांना बहुधा पुलावरची सवय असते.

काळाविषयी एक सूक्ष्म मुद्दा राहतो. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत काल हे एक द्रव्य आहे: एक, अखंड, सर्वव्यापी. क्षण, घटका, दिवस हे त्याचे तुकडे व्यवहारापुरते. छोट्या उड्डाणाच्या गेटवर मात्र काल वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनीच अस्तित्वात असतो. लोकांचा खरा राग विलंबावर नसतो, या हप्त्यांवर असतो. पावणेदोन तास असे एकदम सांगितले असते तर माणूस जेवून आला असता, झोपला असता, लॅपटॉप उघडून सोमवारचे काम शुक्रवारी संपवले असते. हप्त्याने मिळालेल्या पावणेदोन तासांत यांतले काहीच होत नाही. त्यात फक्त उभे राहता येते. कंपनीचीही बाजू आहे. एकदम दोन तास सांगितले, माणसे पांगली आणि विमान तासाभरात आले, तर ती गोळा कोण करणार? मग क्रमांक १५ लागतो. म्हणून त्यांना खुंट्याला बांधून ठेवणेच बरे. याच काळात आईचा तिसरा फोन येतो. “निघालं का रे?” “निघतंय.” “मघाशी पण निघतंच होतं. तिथंच जेवून घे, घरी येईपर्यंत बारा वाजतीन.” आईचे अनुमान पडद्यापेक्षा नेहमी जास्त अचूक ठरते. ती नकाशाही पाहत नाही.

हे सगळे नैमित्तिक विलंब. त्यांच्यावर एक महाविलंब आहे आणि तो आपल्याच औद्योगिक पट्ट्यातला आहे. पुण्याचा नवा विमानतळ चाकणला होणार, राजगुरुनगरच्या बाजूला होणार, या वार्तेवर चाकण परिसरातल्या जमिनींनी कैक वर्षे भाव खाल्ला. घरांच्या जाहिरातींत ‘नियोजित विमानतळापासून दहा मिनिटे’ असे छापलेले असे. चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेल्या माणसाला ते दहा मिनिटांचे अंतर तेव्हाही हास्यास्पद वाटत होते. डोंगर आड आले, २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला गेला, आणि तिथे गेल्यावरही तो बराच काळ कागदावर आणि जमिनीच्या वादात राहिला. लोहगावच्या नव्या टर्मिनलचीच गोष्ट घ्या: उद्घाटन १० मार्च २०२४, प्रवाशांना प्रवेश १४ जुलै. इमारतीलाही चार महिने गेटवर थांबावे लागले. तिला सँडविच मिळाले की नाही, नोंद नाही.

विलंब कुठे संपतो? प्रवासी म्हणेल, विमान उडाले की. चूक. वक्तशीरपणाच्या हिशेबात विमान उडण्याची वेळ धरत नाहीत; उभ्या जागेवरून हलण्याची धरतात. चाकांखालची अडण काढली, विमान मागे ढकलले, की ते सुटले. त्यानंतर ते धावपट्टीच्या तोंडाशी वीस मिनिटे उभे राहो, ते सुटलेलेच. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर जगभर ‘वेळेवर’ या सदरात मोडतो. वेळापत्रकातही आधीच थोडे कापड वाढवून बेतलेले असते. म्हणूनच कधी कधी तासभर उशिरा निघालेले विमान उतरताना आवाज येतो की आपण अपेक्षेपेक्षा दहा मिनिटे आधी पोचत आहोत, आणि काही भाबडे लोक टाळ्या वाजवतात.

आता राहिला काम्य विलंब. तो असूच शकत नाही म्हणणाऱ्या पूर्वपक्षीने शुक्रवारी संध्याकाळी पाचला नाशिक फाट्याच्या पुलाखाली जाऊन उभे राहावे. तिथल्या गर्दीत एक टॅक्सी हमखास अडकलेली असते आणि तिच्यात वाकडचा एक माणूस असतो. ऑफिसातला शेवटचा कॉल लांबला, टॅक्सी दोनदा रद्द झाली, आणि गेट बंद व्हायला आता पाऊण तास उरला आहे. भोसरी अजून पुढे आहे. हा माणूस गेल्या खेपेला विलंबाबद्दल तीन ठिकाणी लेखी तक्रार करून आलेला असतो. आज तो वाकडच्या म्हातोबाला मनोमन हात जोडतो: आज होऊ दे. दर दोन मिनिटांनी तो मोबाइलवरचा नकाशा पाहतो आणि विमान अजून हैदराबादेत आहे हे पाहून त्याला जो आनंद होतो, तो नैयायिकांच्या कोणत्याही अनुमानाने आजवर कोणाला दिलेला नाही. संदेश येतो: उड्डाण पन्नास मिनिटे उशिरा. ड्रायव्हर विचारतो, “काय झालं दादा?” तो म्हणतो, “काही नाही, आरामात घ्या.”

त्याच गेटवर शंभर-सव्वाशे माणसे तोच विलंब नैमित्तिक म्हणून भोगत असताना हा एकटा तो काम्य म्हणून उपभोगतो. एकच वस्तू, दोन धर्म. अशा माणसाने गेटवर कसे वागावे, हा या शास्त्रातला सर्वांत नाजूक आचार. हसू नये. रसाचा खोका मागायला रांगेत पुढे जाऊ नये. पडद्याकडे पाहून मान हलवावी, शेजाऱ्याला विचारावे, “किती वेळ झाला हो तुम्ही बसलाय?” आणि दीड तास हे उत्तर आले की सर्वांत मोठ्याने म्हणावे, “काय हे!” शास्त्राला हे मान्य आहे. फक्त दिघीपासून भिजलेला शर्ट आधी वाळू द्यावा.